घड्याळ मनगटावर, संदेश घरीं

गेल्या पांच-सात वर्षांत आपल्यासारख्या घरांतून एक नवी वस्तु हळूहळू रूढ होत चालली आहे. परदेशीं असलेला मुलगा सुटींत घरीं येतो, बदाम आणि चॉकलेटें यांच्याबरोबर बॅगेंतून काळ्या कांचेचें एक चौकोनी घड्याळ काढतो, आणि "आतां फोन बरोबर बाळगण्याचें कारण नाहीं, सर्व कांहीं मनगटावर दिसेल," असें सांगून तें वडिलांच्या हातांत बांधतो. त्या वाक्यांतील 'सर्व कांहीं' हे दोन शब्द कितपत खरे आहेत याचा विचार करण्याची पाळी आमच्या घरावर ज्या प्रसंगानें आली, तो प्रसंग प्रथम सांगतों. कारण त्यावांचून पुढील विवेचन कोरडें वाटेल.

आमचें कुटुंब एकत्र आहे. काका, काकू, माझी आई, आम्ही उभयतां आणि दोन मुलें अशीं सात माणसें पुण्यांत सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्यांत राहतों. काकांचें वय ७६. परंतु पहांटे उठून पर्वती चढून येण्याचा नेम त्यांनीं गेल्या चाळीस वर्षांत क्वचितच मोडला असेल. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियांत असतो. त्यानें दिलेलें घड्याळ साध्या प्रकारचें नव्हे. त्यांत मोबाइलची स्वतंत्र जोडणी आहे, आणि तिचें मासिक शुल्कही आम्ही भरतों. तेव्हांपासून काका फोन घरीं ठेवून पर्वतीवर जाऊं लागले. बंडीचा खिसा हलका झाला, याचेंच त्यांना अधिक कौतुक!

मागील पावसाळ्यांत काकू न्हाणीघरांत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां ठरली. रुग्णालयांत सोबतीस माझी आई राहिली. रात्रीं उशिरापर्यंत नातेवाइकांचे फोन येत राहिल्यामुळें काकांच्या फोनची विद्युत् जवळजवळ संपली होती. म्हणून पहांटे साडेपांचास निघतांना त्यांनीं तो माजघरांतील खटक्याला लावून ठेवला. दुपारपर्यंत भरपूर वेळ आहे, पर्वतीवर देवाला सांगून येतों, असें म्हणून ते बाहेर पडले.

पहांटे सहाच्या सुमारास शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकांत बदल झाला, आणि काकूंची पाळी साडेसातच्या आंत आली. रुग्णालयानें नियमाप्रमाणें ६ वाजून २० मिनिटांनीं काकांच्या क्रमांकावर लघुसंदेश पाठविला. आईला सांगण्यांत आलें कीं, घरच्यांना संदेश गेला आहे; ती निश्चिंत झाली. इकडे साडेसहास पर्वतीच्या माथ्यावर काकांच्या मनगटाला हलकीशी थरथर जाणवली. तो मुलाचा संदेश होता. "आई कशी आहे? किती वाजतां नेणार?" काकांनीं घड्याळाशीं बोलूनच उत्तर दिलें, "बारा वाजतां. काळजी नसावी." सात समुद्रांपलीकडचा संदेश आला, त्याचें उत्तर गेलें, मग आपण जगाशीं जोडलेले आहोंत याविषयीं कोणास शंका यावी? रुग्णालयाचा संदेश मात्र आला नाहीं. सात वाजून दहा मिनिटांनीं तेथील परिचारिकेनें प्रत्यक्ष फोन केला, तो त्याच मनगटावर वाजला. काका धांवतपळत पायऱ्या उतरून रिक्षानें पोहोंचले, तों दार बंद झालें होतें. काकूंनीं आंत जातांना आईला दोनदां विचारलें होतें, "आले कां ते?"

शस्त्रक्रिया उत्तम झाली हें येथेंच सांगून टाकतों, नाहीं तर वाचकांचें लक्ष पुढील मजकुरांत लागावयाचें नाहीं. पण त्या दिवशीं दुपारीं रुग्णालयाच्या बाकावर बसून काकांनीं मला जो प्रश्न विचारला तो विसरण्यासारखा नव्हता. "अरे, घड्याळ तेंच, डोंगर तोच, वेळहि तीच. पोराचा संदेश येतो, फोन येतो, आणि जो यायला हवा होता तोच येत नाहीं, हें कसें?" मला तेव्हां उत्तर देतां आलें नाहीं. पुढें चौकशी केली, निरनिराळ्या कंपन्यांनीं प्रसिद्ध केलेलीं मार्गदर्शनें वाचलीं, आणि मग जें समजलें तें सर्वच घरांच्या उपयोगाचें वाटल्यामुळें हा लेख.

या कोड्याची किल्ली घड्याळांत नाहीं, संदेशांत आहे. आपल्याला सर्व संदेश सारखेच दिसतात. कांचेवर अक्षरें उमटतात, आपण वाचतों. परंतु रुग्णालयाचा संदेश आणि मुलाचा संदेश यांची जात निराळी, वाट निराळी, आणि मुख्य म्हणजे पत्ता निराळा. वाड्यांत पूर्वीं टपाल येई तें आठवावें. बहुतेक पत्रें घरांतील वडील माणसाच्या नांवें येत. पोस्टमन तीं त्यांच्याच हातीं देई, आणि मग ज्याचें त्याला मिळे. वडील माणूस घरीं असेल तोंवर हें ठीक. तें गांवाला गेलें कीं पत्र कोनाड्यांत पडून राही. याच वाड्यांत एखाद्याचें स्वतःच्या नांवें पत्र आलें तर तें थेट त्याच्या खोलींत जाई. लघुसंदेश हें पहिल्या प्रकारचें टपाल आहे.

लघुसंदेश म्हणजे ज्यास सर्वजण एसएमएस म्हणतात तो. त्याचा जन्म युरोपांतील. १९८० नंतरच्या दशकांत तेथील देशांनीं मिळून मोबाइल दूरध्वनीची जी सामायिक पद्धति आंखली, तिच्यांत हा प्रकार बसविण्यांत आला. दूरध्वनीचें यंत्र व मनोरा यांच्यामध्यें, आपण बोलत नसतांनाहि, 'मी येथें आहें', 'तुला कोणी हांक मारीत आहे' अशा स्वरूपाची कारभारी देवघेव एका अरुंद मार्गावरून चालते. त्या मार्गावर रिकामी जागा राहते, तींतून चार शब्द पाठवावे अशी ही काटकसरी कल्पना. जर्मन टपाल व दूरध्वनि खात्यांतील फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनीं १९८५ च्या सुमारास पोस्टकार्डें व टेलेक्स यांवर माणसें सामान्यतः किती मजकूर लिहितात हें पाहिलें, आणि १६० अक्षरें पुरेशीं होतात असें ठरविलें. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानें संगणकावरून पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छेचा, दोनच शब्दांचा होता. ज्या फोनवर तो पोहोंचला त्यावर उत्तर लिहिण्याची सोयच नव्हती!

या १६० अक्षरांविषयीं मराठी वाचकांस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती मर्यादा रोमन अक्षरांची. देवनागरींत लिहिलें कीं प्रत्येक खूण दुपटीहून अधिक जागा घेते आणि एका संदेशांत केवळ ७० खुणा मावतात. त्यांतहि काना, वेलांटी आणि हलन्ताची खूण हीं प्रत्येक स्वतंत्र मोजलीं जातात. 'शस्त्रक्रिया' हा शब्द उच्चारतांना चारच अक्षरें होतात. संदेशांत मात्र तो १२ जागा अडवितो. त्यामुळें मराठींतील साधी सूचनाहि दोन-तीन तुकड्यांनीं जाते आणि पलीकडच्या यंत्रांत पुन्हां जोडली जाते. पोस्टकार्डाच्या मापानें आंखलेल्या घरांत आपल्या जोडाक्षरांनीं राहावयाचें, तर थोडी दाटी व्हावयाचीच.

आतां हा संदेश जातो कसा तें पाहूं. पाठविणाऱ्याकडून तो प्रथम मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रांत जातो. तें केंद्र टपालकचेरीसारखें आहे. संदेश आला कीं त्यावर वेळेचा शिक्का बसतो, आणि मग केंद्र एका मोठ्या नोंदवहींत पाहतें कीं या क्रमांकाचें सिमकार्ड सध्यां कोणत्या भागांत आहे. पत्ता जो आहे तो सिमकार्डाचा. माणसाचा नव्हे, त्याच्या घड्याळाचा तर नव्हेच. सिम ज्या फोनांत असेल तो फोन चालू असला तर जवळच्या मनोऱ्यावरून संदेश त्याला पोहोंचतो. फोन बंद असेल तर केंद्र संदेश फेकून देत नाहीं. जपून ठेवतें आणि फोन पुन्हां जागा झाल्याची वर्दी आली कीं त्याच्या हवालीं करतें. अर्थात् यासहि मुदत असते.

मग घड्याळावर संदेश दिसतो तो कसा? फोन घड्याळास वाचून दाखवितो म्हणून. या मूळ गोष्टीकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. बाजारांत मिळणाऱ्या बहुसंख्य स्वस्त घड्याळांत मोबाइलची जोडणीच नसते. फोनपासून त्यांच्यापर्यंत ब्लूटूथ नांवाची एक आंखूड बिनतारी दोरी असते, एवढेंच. हें विलक्षण नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या टोपणनांवावरून पडलें. त्याला 'निळ्या दांताचा' म्हणत. त्यानें विखुरलेल्या टोळ्या एक केल्या, तशीं ही योजना निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एक करील, असा नांव सुचविणाऱ्यांचा भाव होता. १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनीं यासाठीं मंडळ स्थापन केलें. ब्लूटूथच्या चिन्हांत त्या राजाच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें प्राचीन रून लिपींत गुंफलेलीं आहेत.

या दोरीची लांबी घरगुती उपयोगांत सुमारें दहा मीटर धरावी. मोकळ्या जागेंत ती कांहीं वाढते. दगडाविटांच्या जाड भिंती, लोखंडी कपाटें, इतकेंच काय पण माणसाचें पाण्यानें भरलेलें शरीर मध्यें आलें तरी ती कमी होते. आमच्या वाड्यांत फोन माजघरांत ठेवून मागील अंगणांत गेलें कीं दोरी तुटते. नव्या सदनिकांतून एवढा त्रास होत नसावा. दोरी तुटली कीं केवळ ब्लूटूथवर चालणारें घड्याळ वेळ दाखवितें, पावलें मोजतें, नाडीचे ठोकेहि सांगतें. पण जगाचा निरोप त्याला कळत नाहीं. कित्येक घड्याळांच्या डब्यांवर 'कॉलिंग' हा शब्द मोठ्या अक्षरांनीं छापलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच कीं, घड्याळांत ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक आहे. बोलणें होतें तें जवळ असलेल्या फोनच्याच द्वारें. दुकानदार हें आपण होऊन सांगतोच असें नाहीं. असें घड्याळ घेऊन वडील मंडळी निर्धास्तपणें बाहेर पडतात, तेव्हां मला धास्ती वाटते.

दुसरी वाट वाय-फायची. कांहीं चांगल्या घड्याळांत ती असते. २०१५ सालापासून गूगलच्या पद्धतीवरील घड्याळांत ही सोय आली, आणि अ‍ॅपलच्या घड्याळांत त्याच वर्षीं, आरंभापासूनच होती. समजा, फोन घरीं आहे आणि घड्याळ लेकीच्या घरीं गेलें आहे. तेथील वाय-फायची पूर्वीं ओळख झालेली असेल तर घड्याळ आपणच त्याला जोडलें जातें. आतां फोनची व घड्याळाची प्रत्यक्ष भेट नाहीं. परंतु दोघांचा एक सामायिक परिचित आहे, तो म्हणजे कंपनीचें दूरचें संगणक-केंद्र. फोनला लघुसंदेश येतो, फोन तो इंटरनेटवरून त्या केंद्राकडे देतो, आणि केंद्र घड्याळाकडे. पत्र घरीं आलें, वडिलांनीं पाकिटावर नवा पत्ता घालून पुन्हां पेटींत टाकलें, असाच हा प्रकार. हें घडण्यास पत्ता बदलणारा घरीं जागा असला पाहिजे. शिवाय ज्या सार्वजनिक वाय-फायवर आधीं एखाद्या पानावर नांव व संकेतशब्द भरावा लागतो, तेथें घड्याळाचा सहसा निभाव लागत नाहीं. स्थानकें, उपाहारगृहें, रुग्णालयाचे दिवाणखाने येथें बहुधा हीच अडचण असते.

तिसरी वाट घड्याळाच्या स्वतःच्या मोबाइल जोडणीची. सॅमसंगनें २०१४ सालीं काढलेल्या एका घड्याळांत सिमकार्ड घालण्याची खांचच होती. पुढें सिमकार्डाऐवजीं यंत्रांतच कायमची बसविलेली, दूरवरून नोंद भरतां येणारी चकती आली. तिला ई-सिम म्हणतात. अ‍ॅपलचें असें घड्याळ सप्टेंबर २०१७ मध्यें निघालें, आणि हिंदुस्थानांत तें मे २०१८ मध्यें एअरटेल व जिओ यांच्या जोडणीसह मिळूं लागलें. अशा घड्याळाला फोनचाच क्रमांक वाटून दिलेला असतो. वाचकांस वाटेल, आतां तरी प्रश्न सुटला. घड्याळ स्वतःच मनोऱ्याशीं बोलतें, क्रमांकहि तोच आहे, मग संदेश कां न यावा?

काकांचा प्रश्न हाच होता, आणि माझीहि येथेंच फसगत झाली होती. बाहेरून पाहणाऱ्याला क्रमांक एक दिसतो. आंत मात्र दोन सिमें आहेत, फोनांतील एक व घड्याळांतील एक, आणि प्रत्येकाची ओळख निराळी. कोणी फोन केला तर कंपनी दोन्ही ठिकाणीं घंटा वाजविण्याची व्यवस्था करते. परिचारिकेचा फोन काकांच्या मनगटावर वाजला तो यामुळें. लघुसंदेशाची गोष्ट तशी नाहीं. अ‍ॅपलच्या मार्गदर्शनांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, मोबाइल-जोडणीच्या घड्याळावरहि लघुसंदेश मिळावयाचा असेल तर जोडीचा फोन चालू असला पाहिजे, तो वाय-फाय किंवा मोबाइलच्या जाळ्यास जोडलेला असला पाहिजे, आणि संदेश पुढें पाठविण्याची योजना त्यांत करून ठेवलेली असली पाहिजे. मात्र तो जवळ असण्याची गरज नाहीं. म्हणजे पर्वतीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटावर येणारा लघुसंदेशहि आधीं माजघरांतील फोनच्या दारीं जातो, आणि तेथून निघून डोंगर चढतो. फोन मेला असेल तर संदेश टपालकचेरींतच बसून राहतो. घड्याळ तिकडे मनोऱ्याशीं कितीहि गप्पा मारो, त्याला याची गंधवार्ताहि नसते.

उलट मुलाचा संदेश आला तो दुसऱ्या जातीचा होता. त्याला सिमकार्डाचें देणेंघेणें नाहीं. तो इंटरनेटवरून चालतो. अ‍ॅपलची आयमेसेज नांवाची अशी सेवा २०११ सालीं निघाली. हींत पत्ता असतो तो खात्याचा, आणि त्या खात्यावर नोंदलेल्या प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली असते. पाठविणाऱ्याचा फोन प्रथम विचारून घेतो कीं, या गृहस्थाचीं यंत्रें किती? फोन एक, घड्याळ एक. मग प्रत्येकासाठीं त्या त्या किल्लीनेंच उघडेल असें निराळें पाकीट बंद करून तो पाठवितो. घड्याळ जाळ्याला जोडलेलें असेल तर आपलें पाकीट आपण उघडतें. फोनच्या पाकिटाचें काय झालें याची त्याला पर्वा नसते. तें बिचारें कंपनीच्या केंद्रांत तीस दिवसांपर्यंत वाट पाहूं शकतें. व्हॉट्सअ‍ॅपनेंहि जुलै २०२३ मध्यें गूगलच्या पद्धतीवरील घड्याळांसाठीं अशीच सोय केली. घड्याळ हें खात्याला जोडलेलें स्वतंत्र यंत्र मानलें जातें, आणि फोन बंद असला तरी संदेश येतो. मात्र मूळ फोन चौदा दिवस उघडलाच नाहीं तर जोडलेलीं यंत्रें आपोआप तुटतात. चौदा दिवस घरच्या कर्त्यानें तोंड दाखविलें नाहीं, तर भाडेकरूंनाहि बाहेर काढावयाचें, असा कांहींसा न्याय!

कोणी विचारील, मग लघुसंदेशाची ही जुनाट रीत टाकून कां देत नाहींत? टाकतां येत नाहीं, याचें कारण तिच्यांतच आहे. लघुसंदेश पाठवितांना पलीकडच्या माणसाचा फोन कोणत्या कंपनीचा आहे, त्यानें कोणतें खातें उघडलें आहे, त्याच्याकडे इंटरनेट आहे कीं नाहीं, हें कांहींच पाहावें लागत नाहीं. क्रमांक माहीत असला कीं झालें. म्हणून रुग्णालय, बँक, वीजकंपनी, शाळा अजूनहि याच वाटेनें निरोप धाडतात. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनें इंटरनेटवरील कार्डाच्या व्यवहारांस दुसरी खातरजमा सक्तीची केली, तेव्हांपासून एकवारचे संकेतांकहि बव्हंशीं याच मार्गानें येत आले. म्हणजे गंमत अशी कीं, नातवंडांचीं छायाचित्रें आणि सुप्रभाताचे संदेश यांना नवा, थेट रस्ता मिळाला. ज्यांच्यावर कधीं पैसा तर कधीं प्राण अवलंबून असतो ते निरोप मात्र जुन्या, एका दाराच्या रस्त्यानें येतात. हा भेद घड्याळ विकणारा सांगत नाहीं आणि घड्याळ आणून देणाऱ्या मुलांनाहि बहुधा ठाऊक नसतो.

लहान मुलांसाठीं मिळणाऱ्या, स्वतंत्र सिमकार्डाच्या घड्याळांविषयीं येथें दोन शब्द सांगतों. त्यांचा क्रमांकच वेगळा असल्यामुळें त्या क्रमांकावर आलेला लघुसंदेश, ती सोय घड्याळांत असल्यास, थेट घड्याळावर येतो. वडिलांच्या क्रमांकावर आलेला अर्थातच येत नाहीं. म्हणजे ही वाटणी झालेली चूल, हिशेब सरळ.

आणखी एक शंका काकांनींच काढली. घड्याळांत मोबाइलची जोडणी आहे तर तें नेहमीं तिचाच उपयोग कां करीत नाहीं? फोनच्या दाराशीं आशाळभूतासारखें कां उभें राहतें? याचें उत्तर विद्युत्-कोठींत आहे. घड्याळांतील कोठी तीनशें ते सहाशें मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची. फोनमधील तीन ते पांच हजारांची. दूरच्या मनोऱ्याशीं सतत बोलत राहिलें तर ही लहानशी शिदोरी दिवस मावळण्यापूर्वींच संपावयाची. म्हणून घड्याळ प्रथम ब्लूटूथची दोरी शोधतें, ती नसेल तर वाय-फाय, आणि दोन्ही नसतील तेव्हांच नाइलाजानें मनोरा. आमच्या आजीची रीत हीच होती. घरांतलें संपल्याखेरीज शेजारीं जावयाचें नाहीं, आणि शेजारीं मिळेल तें बाजारांतून आणावयाचें नाहीं.

हें सर्व समजल्यावर आम्हीं घरांत प्रयोग करून पाहिला. मुलांनाहि त्यांत मौज वाटली. काका पर्वतीवर गेले. मीं ठरलेल्या वेळीं घरून माझ्या फोनवरून त्यांना लघुसंदेश पाठविला. त्यांचा फोन माजघरांत चालू होता. संदेश मनगटावर पोहोंचला. मग फोन बंद केला आणि दुसरा पाठविला. तो गेला नाहीं. तेवढ्यांत ठरल्याप्रमाणें कॅलिफोर्नियाहून मुलाचा संदेश आला, तो थेट पोहोंचला. फोन पुन्हां सुरू केला, आणि मिनिटभरांत अडलेला संदेश आधीं माजघरांत वाजला, मग डोंगरावर. काकांनीं वरून फोन करून सांगितलें, "आला रे, पण उशिरा आला." त्यांच्या स्वरांत मला त्या सकाळची आठवण ऐकूं आली, पण ती कदाचित् माझ्याच मनांतील असेल.

कारण एक गोष्ट मीं अद्याप वाचकांस सांगितलेली नाहीं. त्या दिवशीं पहांटे काकांनीं फोन खटक्याला लावला होता, हें वर सांगितलेंच. ते गेल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनीं मी उठलों. रुग्णालयांत जावयाचें म्हणून सदऱ्यास इस्त्री करावयास घेतली. माजघरांत भिंतीवर एकच खटका आहे. मीं फोनची तार काढली आणि इस्त्रीची लावली. इस्त्री झाली, पुन्हां फोन लावण्याचें लक्षांत राहिलें नाहीं. शेवटची थोडीशी विद्युत् संपून फोन बंद पडला, तो बहुधा सहाच्या आधींच. घड्याळाचा दोष नव्हता, रुग्णालयाचा नव्हता, मोबाइल कंपनीचाहि नव्हता.

संध्याकाळीं घरीं येऊन मीं फोन खटक्याला लावला. थोड्या वेळानें तो उजळला आणि लगेच एक संदेश वाजला. रुग्णालयाचा होता. वर केंद्राचा शिक्का स्पष्ट होता, सकाळचे ६ वाजून २० मिनिटें. "रुग्णास साडेसातपूर्वीं शस्त्रक्रियेसाठीं नेण्यांत येईल, नातेवाइकांनीं उपस्थित राहावें," अशा अर्थाचा मजकूर. काका मागें उभे होते. त्यांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला, आणि कांहीं न बोलतां हातपाय धुवावयास गेले. इस्त्रीची गोष्ट मीं त्यांना त्याच रात्रीं सांगितली. "मी तरी दुसऱ्या खोलींत कां लावला नाहीं?" एवढेंच ते म्हणाले.

काकू आतां काठी घेऊन हिंडतात. माजघरांतील त्या खटक्यावर काकांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी चिकटविली आहे: "ही तार काढूं नये. काढल्यास मला हांक मारावी." काकूंना ती चिठ्ठी पसंत नाहीं. भिंतीचा नवा रंग बिघडतो, असें त्यांचें म्हणणें, आणि शिवाय त्या म्हणतात, "हांक मारायला हे घरांत असतात कधीं? पर्वतीवर असतात!" इस्त्रीसाठीं दुसरा खटका बसवावा म्हणून विजेच्या मिस्त्रीस निरोप धाडला आहे. लघुसंदेशानेंच धाडला, अजून उत्तर नाहीं.